साडेआठला सायकल जागेवर हवी

तासावर घेऊन चालवायच्या सार्वजनिक सायकली आपल्या शहरात टिकणार नाहीत, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. इतकं ठाम, की औरंगाबादच्या गारखेड्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय निघाला की सगळे माझ्याकडेच बघायचे, आता बाई बोलणार म्हणून. माझं म्हणणं दोन वाक्यांत संपायचं. एक, आपल्या माणसाला स्वतःची नसलेली वस्तू जपता येत नाही. दोन, सवलत संपली की सायकल झाडाखाली आणि माणूस आपल्या गाडीवर. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण मी या विषयात जितकी खर्च केली तितकी दुसऱ्या कशातच नसेल.

२०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत केंद्र सरकारने स्मार्ट सिटीतल्या शहरांसाठी ‘सायकल्स फॉर चेंज’ नावाची स्पर्धा काढली, तेव्हा आपल्याकडेही या विषयाला पालवी फुटली होती. क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्याला सायकलचा पट्टा आखला गेला. आमच्या संघातल्या एका उत्साही सभासदाने कागदावर नकाशाच काढून आणला. विभागीय क्रीडा संकुल, सूतगिरणी चौक, गजानन महाराज मंदिर, त्रिमूर्ती चौक, तिथून खाली जालना रोडपर्यंत, दर थोड्या अंतरावर सायकलींचा एक तळ. फोनवरून कुलूप उघडायचं, काम झालं की पुढच्या तळावर सायकल लावून द्यायची. मी तो नकाशा पाहिला आणि म्हणाले, ‘ठेवा सायकली, आणि महिन्याने येऊन किती सीटं जागेवर आहेत ती मोजा.’ सगळे हसले. त्या सभासदांनी नकाशाची घडी करून खिशात ठेवली. आज तो नकाशा माझ्याकडे आहे, मी तो मागून घेतला. मधल्या काळात काय झालं ते सांगायचं आहे.

माझ्या मताला आधार होता, हे आधी सांगते. तो आधार पुण्याचा. २०१७ साली पुण्यात आधी विद्यापीठाच्या आवारात आणि वर्षअखेरीस औंधमध्ये अशा सायकली आल्या. झूमकारची ‘पेडल’, मग चीनमधून आलेल्या ‘ओफो’ आणि ‘मोबाइक’, बंगळूरची ‘युलू’. पिवळ्या, केशरी, निळ्या रंगांनी रस्ते भरले. भाडं अर्ध्या तासाला रुपयाच्या आसपास, म्हणजे चहाच्या टपरीवर सुटे म्हणून परत मिळतात तेवढं. त्याच डिसेंबरात पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. आणि वर्षभरात वर्तमानपत्रांत फोटो यायला लागले: कुलूप तोडलेली सायकल, सीट उपटून नेलेली सायकल, सोसायटीच्या जिन्याखाली साखळीने बांधून ठेवलेली सायकल. ओफो २०१८ मध्येच भारतातून गेली, मोबाइक तिच्या मागोमाग. मी ते फोटो कापून ठेवले नाहीत एवढंच. संघात मात्र प्रत्येकाचं वर्णन केलं.

मत हललं ते माझ्या भाचीमुळे, आणि तेही सायकलीबद्दल न बोलता. ती इथे विद्यापीठात एम.बी.ए. करत होती आणि तिच्या प्रकल्पाचा विषय होता, माणसं भाड्याच्या सायकलीची सेवा वापरत का राहतात. ‘सुरू का करतात’ हा तिचा विषय नव्हता. हा फरक माझ्या डोक्यात तेव्हा शिरला नाही. एका रविवारी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘मावशी, तू बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलीस. मला सांग, खाती झोपतात का?’

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते आणि बोलले. २०१४ साली ऑगस्टमध्ये जनधन योजना आली तेव्हा आमच्या शाखेत टेबलं कमी पडली. सकाळी शटर उघडायच्या आधी रांग. आम्ही रात्री आठ-आठपर्यंत अर्ज भरत होतो. खातं उघडायला माणूस का आला, हे विचारलं तर प्रत्येकाकडे उत्तर होतं: शेजारणीने उघडलं, सरकार पैसे टाकणार आहे म्हणतात, विमा आहे, पासबुक असलेलं बरं. पण दोन वर्षांनी त्यातली जी खाती हलली नाहीत, त्यांचं कारण विचारायला माणूस समोर नव्हता. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं नियमाप्रमाणे निष्क्रिय होतं. मी भाचीला सांगितलं, चिडून खातं बंद करणारा ग्राहक फार थोडा. तो काउंटरवर येतो, आवाज चढवतो, त्याला समजावता येतं. बाकीचे आवाजच करत नाहीत. बाई पहिल्यांदा कार्ड घेऊन एटीएमवर जाते, मशीनमध्ये पैसे नसतात. दुसऱ्यांदा जाते, मशीन बंद. तिसऱ्यांदा ती पैसे पिठाच्या डब्यात ठेवते. तिने बँकेला नावं ठेवली नाहीत, कुणाकडे तक्रार केली नाही. तिच्या डोक्यात फक्त एक गोष्ट पक्की झाली, की गरज पडेल तेव्हा हे चालेलच असं नाही.

‘म्हणजे तिला वस्तू जपता येत नव्हती?’ भाचीने विचारलं.

तिने हे लागट स्वरात विचारलं नव्हतं. ती खरंच लिहून घेत होती. पण मला ते लागलं. एटीएमच्या बाईबद्दल मी हे कधी म्हटलं नसतं. बँकेतल्या ग्राहकाला मी जी सवलत देत होते ती सायकल सोडून देणाऱ्या पुण्याच्या पोराला मी दिली नव्हती, आणि का दिली नव्हती याचं उत्तर मला त्या रविवारी सापडलं नाही.

तिच्या वहीत एक नाव होतं, अनोल भट्टाचार्जी. अमेरिकेत शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी २००१ मध्ये एक निबंध लिहिला, तो याच प्रश्नावर: माणूस एखादी नवी सेवा घेतो हे एक, आणि घेतल्यावर वापरत राहतो हे दुसरं, आणि दुसऱ्याची कारणं वेगळी असतात. त्यांनी हे कुणावर तपासलं, तर ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्यांवर. म्हणजे माझ्याच धंद्यावर. नवीन सेवा फायद्याची आहे असं वाटणं महत्त्वाचं आहेच, पण वापरत राहायचं की नाही हे त्याहून जास्त ठरतं समाधानावर. आणि समाधान मुख्यतः यावर, की वापरायच्या आधी जे वाटलं होतं ते वापरल्यावर तसंच निघालं का. सायकलवरच्या पुढच्या अभ्यासांनी हाच सांगाडा उचलला आहे, असं भाची म्हणाली. मला त्यातलं गणित कळलं नाही. पण कल्पना नवी वाटली नाही. काउंटरवर बसून मी ती रोज बघत आले होते आणि तिला नाव नव्हतं एवढंच.

मग मला आठवली ती आमच्या लहानपणची भाड्याची सायकल. सत्तरच्या दशकातल्या औरंगाबादेत प्रत्येक पेठेत तासावर सायकल देणारं दुकान असायचं. सायकलच्या मडगार्डवर दुकानाचं नाव आणि नंबर रंगवलेला. दुकानदार वहीत वेळ लिहायचा, ‘गुलमंडीच्या पुढे जायचं नाही’ असा दम द्यायचा, आणि आम्ही अर्थातच पुढे जायचो. ही सुद्धा दुसऱ्याची वस्तू होती. तरी आम्ही ती वर्षानुवर्षं वापरली. चेन पडली की रडत हातात ओढत आणायची, पंक्चर झाली तर त्याचे पैसे द्यायचे, पण सायकल परत यायची. आमची पिढी सद्गुणी होती म्हणून ती परत यायची असं मी आजवर सांगत आले. खरं तर दुकानदाराला आमचं घर माहीत होतं आणि सकाळी दुकान उघडलं की तो आधी सगळ्या चाकांत हवा भरायचा. आमच्या पिढीचं मी कौतुक केलं, त्याने भरलेली हवा विसरून गेले.

आणि एक गोष्ट तर मी सोयीने विसरले होते. मी स्वतः ती सायकल सोडून दिली होती. आमच्या जवळच्या दुकानात लेडीज सायकल एकच होती. शनिवारी शाळा सुटल्यावर पळत गेलं तरी ती गेलेली असायची. दुकानदार म्हणायचा, ‘अर्ध्या तासाने ये.’ अर्ध्या तासाने गेलं की सायकल आलेली असे, पण घरून हाक आलेली असे. काही आठवडे असं झाल्यावर मी जाणंच बंद केलं. मी त्या सायकलीला काही केलं नव्हतं. तिचं सीट मी चोरलं नव्हतं. आणि माझं समाधान झालं नाही असंही मी कुणाला सांगितलं नव्हतं. बँकेच्या भाषेत माझं खातं निष्क्रिय झालं होतं.

इथवर आल्यावर चोरीचा मुद्दा मी पुन्हा उलटून पाहिला, कारण तो खोटा नव्हता. पुण्यातल्या सायकलींची तोडफोड झालीच. पण ती आपल्याच माणसांचा खास गुण आहे असं मी मानत होते, ते टिकेना. या सगळ्या प्रकाराची सुरुवात मानतात ती १९६५ सालची ॲमस्टरडॅममधली. ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, कुणीही घ्या म्हणून रस्त्यावर सोडल्या. त्या चोरीला गेल्या असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात त्या पोलिसांनी उचलल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यावर सोडणं तिथे नियमाविरुद्ध होतं. पॅरिसमध्ये १५ जुलै २००७ ला ‘वेलिब’ सुरू झाली. दीड-दोन वर्षांत तिथल्या जवळपास आठ हजार सायकली गायब झाल्या आणि अकरा हजारांहून जास्त मोडल्या-तोडल्या गेल्या, असे आकडे २००९ मध्ये जगभर छापून आले. इंग्लंडमधलं मँचेस्टर हे मोबाइकने २०१८ मध्ये सोडलं, तेही चोरी आणि नासधूस सोसवत नाही म्हणून. मँचेस्टरच्या लोकांचं नागरिकशास्त्र कच्चं आहे असं आमच्या संघात कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

पॅरिसची पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. इतक्या चोऱ्या सोसूनही वेलिब चालत राहिली. हजारो सायकली बदलल्या गेल्या, लोक वर्षाची वर्गणी भरत राहिले. ती खिळखिळी झाली ती दहा वर्षांनी, २०१८ च्या सुरुवातीला, आणि तेव्हा चोरांचा संबंध नव्हता. कंत्राट बदललं. जुने खांब उपटून नवे बसवायचे होते, ते वेळेत बसले नाहीत. बसले तिथे वीज आली नाही. ॲपवर सायकल दिसायची आणि तळावर नसायची. मग वर्गणीदार गळायला लागले. तेच पॅरिसकर, तेच रस्ते, दहा वर्षांची सवय, आणि तरी काही महिन्यांत माणसं निघून गेली. नंतर व्यवस्था रुळावर आली तशी ती परतली, दोन-तीन वर्षांत पूर्वीपेक्षाही जास्त. लोकांचा स्वभाव दोन-तीन वर्षांत दोनदा बदलत नाही. बदलली होती ती सकाळी साडेआठला सायकल जागेवर असण्याची शक्यता.

बँकवालीला पटेल असं उदाहरण चीनचंही आहे. ओफोने सायकल उघडण्याआधी अनामत घेतली होती, १९९ युआनपर्यंत. २०१८ च्या डिसेंबरात कंपनी अडचणीत आहे असं कळलं आणि अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या पुढे गेली. बीजिंगमधल्या कचेरीबाहेर थंडीत माणसं उभी होती. माझ्या नोकरीत मी अशी रांग प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण आम्हा सगळ्यांना तिचीच भीती असायची. सायकल चांगली होती की वाईट हा प्रश्नच तिथे उरला नव्हता.

एवढं सगळं वाचून झाल्यावर मला जे कळलं ते आमच्या घरी काम करणाऱ्या ताई कधीपासून करत होत्या. त्या पुंडलिकनगरहून पुढे सिडकोकडे दुसऱ्या कामाला जातात. शेअर रिक्षात तीनच्या जागी पाच, कधी सहा बसवतात, ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या मांडीवर. मी त्यांना म्हणायचे, बसने जा, बसायला जागा मिळते, पत्र्याला डोकं आपटत नाही. एकदा त्या म्हणाल्या, ‘ताई, बस लई चांगली हाय. पण तिची वाट कोण बघत बसायलंय? रिक्षा आली की निघाले.’ आरामापेक्षा न थांबणं त्यांना किमती वाटतं, कारण पुढच्या घरी दहा मिनिटं उशीर झाला की बोलणी त्यांनाच खावी लागतात. मी ते ऐकलं होतं आणि ‘यांना सवय झालीय’ म्हणून सोडून दिलं होतं.

या शहरात राहणाऱ्याला हे खरं तर कुणी शिकवायला नको. आपल्याकडे जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांआड येतं. म्हणून गारखेड्यातल्या प्रत्येक घराच्या गच्चीवर टाक्या, अंगणात हौद, स्वयंपाकघरात पिंप. कुणी हौसेने टाकी घेत नाही. नळ भरवशाचा नाही म्हणून आपण पाणी साठवतो. दाराशी उभ्या असलेल्या स्कूटी आणि मोटरसायकली मला आताशा तशाच दिसतात: साठवून ठेवलेला प्रवास. आमच्या घरात माणसं तीन आणि दुचाक्या तीन. माझी स्कूटी आठवड्यातून दोन-तीनदा निघते, तेही दवाखान्यापर्यंत किंवा भाजीला. बाकी वेळ तिच्यावर मांजर झोपतं. तरी मी ती विकत नाही, कारण लागेल तेव्हा ती तिथे असेल. मी सार्वजनिक सायकलीकडून जे मागत नव्हते ते माझ्या स्कूटीकडून फुकट घेत होते, आणि सायकलीवर मात्र लोकांच्या संस्काराचा खटला चालवत होते.

एक गंमत इथे सांगायलाच हवी. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि या शहराने पायडल मारणं सोडलं, असं आमच्या पिढीचे लोक म्हणतात. थोडं अतिशयोक्त आहे, पण खोटं नाही. त्याच बजाज ऑटोने २०१९ मध्ये युलूत पैसे गुंतवले, आणि २०२३ मध्ये आलेल्या युलूच्या नव्या विजेच्या गाड्या बजाजच्याच एका उपकंपनीने बनवल्या. दुचाकी विकणाऱ्यांना भाड्याच्या दुचाकीत काहीतरी दिसलं असणार. माझ्यासारख्या निवृत्त माणसाने त्यांच्याआधी निकाल देऊन टाकला होता.

टिकले कोण, हेही बघायला हवं होतं. माझा भाचा ठाण्याहून लोकलने कुर्ल्याला उतरतो आणि बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कचेरीत जातो. २०१९ पासून तिथे भाड्याच्या विजेच्या छोट्या दुचाक्या आहेत. ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाहीत, त्यामुळे लायसन्स लागत नाही. मी त्याला विचारलं, प्रदूषण कमी व्हावं म्हणून वापरतोस का? तो हसला. ‘मावशी, मला ती गाडी आवडते असंही नाही. मला रिक्षाची रांग आवडत नाही.’ एवढंच. २०१० साली मुलुंडला काही तरुणांनी ‘सायकल चलाओ’ नावाने स्टेशन आणि वझे-केळकर कॉलेजच्या मध्ये भाड्याच्या सायकली सुरू केल्या होत्या, तेव्हाही गिऱ्हाईक हेच होतं: रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने, तेवढंच अंतर जाणारी पोरं. पर्यावरणाचं प्रेम माणसाला एखाद्या रविवारी सायकलवर बसवेल. सोमवारी सकाळी बसवायचं तर त्याचं काम व्हावं लागतं.

इथे मला एक शंका आहे आणि ती भाचीच्या प्रकल्पात बसली नाही. पुण्या-मुंबईत आज भाड्याच्या विजेच्या दुचाक्यांवर सगळ्यात जास्त दिसतात ती घरपोच सामान देणारी पोरं. पाठीवर चौकोनी पिशवी, गाडी आठवड्याच्या भाड्याने. ती वापरत राहतात, वर्ष-वर्ष राहतात. कर्जाचा हप्ता नाही, लायसन्स नाही, बॅटरी संपली की चार्ज करत बसायचं नाही, बदलून घ्यायची. सगळं खरं. पण याला समाधान म्हणायचं का? ज्याला स्वतःची गाडी घ्यायला कर्ज मिळत नाही, तो भाड्याची वापरत राहणारच. आमच्या बँकेत पगाराची खाती कधी झोपायची नाहीत, कारण मालकाने तिथेच पगार टाकायचं ठरवलेलं असायचं. त्यावरून आमची सेवा उत्तम होती असा निष्कर्ष वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात आम्ही काढायचो, मनात नाही. तेव्हा माणसं टिकली म्हणजे सेवा चांगली, हे समीकरण मी भाचीकडून घ्यायला तयार नाही. आमचा यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

माझं सगळंच मत बदललं असंही नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजता चाळिशीच्या वर पारा असताना सूतगिरणी चौकातून पायडल मारत जा, असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्या रस्त्यांच्या कडा सायकलवाल्यासाठी नाहीत. तिथे चारचाक्या, भाजीच्या गाड्या आणि कुत्री असतात. आणि थोड्या सायकली शहरभर फेकून, फीत कापून, फोटो काढून केलेल्या योजनेबद्दल तर मी पूर्वीपेक्षा जास्त कडक झाले आहे. वाहतुकीवर काम करणाऱ्या ‘आयटीडीपी’ या संस्थेने २०१३ मध्ये एक मार्गदर्शिका काढली, तिच्यात दर हजार रहिवाशांमागे १० ते ३० सायकली आणि दर चौरस किलोमीटरला १० ते १६ तळ असावेत असं म्हटलं आहे, म्हणजे साधारण तीनशे मीटरवर एक. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. तेव्हाच्याच हिशेबाने कमीत कमी बारा हजार सायकली. एवढ्या कोण आणणार? म्हैसूरने २०१७ च्या जूनमध्ये ‘ट्रिन ट्रिन’ सुरू केली ती ४५० सायकलींवर, पण त्या उचलायच्या आणि लावायच्या जागा ठरलेल्या, पन्नासएक. सायकल कुठेही टाकून जायची मुभा नाही. चकचकीत पैसेवाल्या कंपन्या आल्या आणि गेल्या, ही सरकारी वळणाची योजना त्यांच्यापेक्षा जास्त काळ रस्त्यावर दिसली.

म्हणून त्या सभासदांचा नकाशा मागून घेतला तेव्हा मी त्यावर पेन्सिलीने बरंच खोडलं. जालना रोडपर्यंतची रेघ काढली. क्रीडा संकुल, गजानन महाराज मंदिर आणि सूतगिरणी चौक एवढाच त्रिकोण ठेवला, आणि त्यात तळ वाढवले. संकुलावर सकाळी पोरं सरावाला येतात, मंदिराच्या रस्त्याला क्लासेस आहेत, चौकात रिक्षा मिळते. अंतर असं की चालायला जीवावर येतं आणि गाडी काढायला लाज वाटते. एका तळाजवळ पंक्चर काढणाऱ्याला पगारावर बसवा, असंही लिहिलं. तो रोज सकाळी हवा भरेल. सभासद म्हणाले, ‘बाई, तुम्ही तर सीटं मोजणार होता.’ मी म्हटलं, मोजूच, पण आता मला दुसरा आकडाही पाहिजे.

तो आकडा आम्ही संघाच्या वतीने द्यायच्या सूचनापत्रात मागितला आहे. योजना कुणीही चालवो, रोज सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी सहा वाजता किती तळ रिकामे होते आणि उभ्या सायकलींपैकी किती चालण्याजोग्या होत्या, हे दर महिन्याला जाहीर करावं. किती जणांनी ॲप घेतलं, उद्घाटनाला किती गर्दी होती, हे कळवलं नाही तरी चालेल. जनधनच्या काळात आम्हीही उघडलेल्या खात्यांचेच आकडे वर पाठवायचो आणि शाबासकी मिळवायचो.

सचिवांनी पत्र दोनदा वाचलं. चांगलं आहे म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, ‘यात पर्यावरणाचं एक वाक्य टाका, बरं दिसतं.’ मी टाकलं नाही.